अकरा महिन्यांत पाच सेंटिमीटर

महाळुंग्यात भाड्याच्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा असतो. कागद केला तर. एरवी डिपॉझिट आणि तोंडी बोलणं यावरच भागतं. अकरा महिने सरले की भाडं वाढतं, किंवा ठेकेदार बदलतो, कंपनी बदलते, आणि बिऱ्हाड निघोज्याला नाहीतर खराबवाडीला हलतं. छोट्या टेम्पोत गाद्या, सिलिंडर, कूलर, पाण्याचा पिंप, पोरांच्या सायकली चढतात. मागे राहते ती दाराच्या चौकटीवरची पेन्सिलीची रेघ. पोराला चौकटीला टेकवून, डोक्यावर पट्टी आडवी धरून कुणीतरी ओढलेली. शेजारी तारीख, कधी नुसतंच नाव. नवा भाडेकरू यायच्या आधी घरमालक चौकटीला ऑइलपेंट मारून घेतो.

पहिली ते पाचवीच्या वयात मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढतं. अकरा महिन्यांच्या कराराच्या वाट्याला पाच येतात. तीन बोटं म्हणा. रोज पाहणाऱ्याला एवढीशी वाढ दिसत नाही. ती दिसायला मागची रेघ जागेवर असावी लागते. या वयातल्या वाढीवरची ही पुस्तिका हस्तलिखितात वाचताना मी पुन्हापुन्हा याच गोष्टीपाशी येऊन थांबले. या वयातली वाढ सावकाश होते, आणि सावकाश होणारं काही पाहायचं तर कुणीतरी एका जागी टिकून पाहत राहावं लागतं. आपल्या औद्योगिक पट्ट्यात नेमकं तेच अवघड होऊन बसलं आहे.

पुस्तिका लिहिणाऱ्या सगळ्या जणी इथल्याच. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, कुणी अंगणवाडी सांभाळते, एक जण दिवसभर कंपनीत असते आणि संध्याकाळी चाळीतल्या पोरांचा अभ्यास घेते. त्यांनी मला दोन शब्द लिहायला सांगितले. दोन शब्दांवर थांबण्याची सवय मला नाही, हे त्यांना उशिरा कळलं.

बाळ पालथं पडलं, रांगलं, पहिला शब्द बोललं की गावाकडे फोन जातात. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलगी शहाणी झाली, मुलाचा आवाज फुटला की घर धास्तावतं. मधली वर्षं मात्र ‘शाळेत जातोय ना, झालं तर’ एवढ्यावर निभतात. फ्रॉइडने तर या वयाला नावच सुप्तावस्थेचं दिलं होतं. मोठा माणूस, पण त्याने दुसरीचा वर्ग मधल्या सुटीत पाहिला नसावा.

आधी गाव सांगते. बालेवाडीला लागून आहे ते महाळुंगे वेगळं, ते मुळशीतलं. हे खेड तालुक्यातलं महाळुंगे इंगळे, चाकण-तळेगाव रस्त्यावरचं. चाकणची ओळख पूर्वी कांद्याच्या बाजाराची. मग एमआयडीसी आली. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीजही त्याच वर्षी चाकणला आली, पाठोपाठ महिंद्राचा प्रकल्प उभा राहिला, आणि या सगळ्यांना सुटे भाग पुरवणारे लहानमोठे व्हेंडर वाड्यावस्त्यांपर्यंत पसरले. २००९ साली जन्मलेलं मूल २०१५ च्या जूनमध्ये पहिलीत बसलं आणि २०२० च्या मार्चमध्ये, पाचवीची परीक्षा तोंडावर आलेली असताना, शाळा बंद झाल्या म्हणून घरी आलं. त्याची प्राथमिक शाळा तरी पुरी झाली होती. २०१४ मध्ये जन्मलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीची पहिली फोनवर झाली. गावांतले पहिली ते चौथीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली ती २०२१ च्या डिसेंबरात, आणि जानेवारीत पुन्हा कुलूप लागलं. रांगेत उभं राहणं, पाटी-पेन्सिल उसनी देणं, भांडण करून मधल्या सुटीत मिटवणं, या गोष्टी ज्या वर्षी शिकायच्या ते वर्ष तिच्या आयुष्यात आलंच नाही. अक्षरओळख पुढे भरून काढता येते. भांडण मिटवायचा सराव कुठल्या वर्गात भरून काढायचा, हे शिक्षिकांनाही कोडंच आहे. तो भाग पुस्तिकेत आहे आणि तो कच्चा आहे, असं लिहिणाऱ्या स्वतःच म्हणतात.

आता शरीराकडे वळू, आणि दातांपासून सुरुवात करू. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दुधाचे दात हलू लागतात. पडलेला दात कौलावर फेकायची जुनी रीत. इथे कौलं उरली नाहीत, त्यामुळे दात पत्र्यावर टण्णकन वाजतो आणि घरंगळत परत दारात येतो. पोरं तो पुन्हा फेकतात. या गमतीत एक पाहुणा मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच सुमाराला दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, हिरडीतून एक नवी दाढ वर येते. वर दोन, खाली दोन, अशा चार. तिच्यासाठी कुठलाही दात पडलेला नसतो, म्हणून घरच्यांना तीही दुधाचीच वाटते. काळी पडली, दुखली, तरी ‘पडणारच आहे, नवी येईल’ म्हणून सोडून देतात. ती पडणारी नसते. सत्तराव्या वर्षी शेंगदाणे फोडायचे ते याच दाढेने. पाच रुपयांच्या पुड्यातल्या कुरकुरीत खाऊचा आणि क्रीमच्या बिस्किटांचा लगदा नेमका तिच्या खाचांत जाऊन बसतो. या पुस्तिकेतलं एकच पान फाडून भिंतीला चिकटवायचं असेल, तर मी दाढेचं पान निवडीन. सहाव्या वाढदिवसानंतर एकदा मुलाचं तोंड उघडून मागे बघा, आणि रात्री झोपण्याआधीचा ब्रश चुकवू नका.

मेंदूचा आकार या वयात फारसा वाढत नाही, कारण सहाव्या वर्षीच तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोचलेला असतो. पुढे आतलं काम चालतं. न वापरलेल्या जोडण्या गळतात, वापरातल्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन चढतं आणि संदेश वेगाने धावू लागतात. वायरिंग हार्नेसच्या लाइनवर काम करणाऱ्या आयांना हे समजावून सांगायला वेळ लागला नाही. इन्सुलेशन चढल्याशिवाय वायर कामाची नाही, एवढं त्यांना हाताने माहीत आहे. बूट बांधता येणं, ओळीत लिहिता येणं, फळ्यावरचं पाहून वहीत उतरवताना मधेच विसरायला न होणं, ही सगळी त्या वेष्टनाची कृपा आणि सरावाची.

या कामाला झोप लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास. आता एका खोलीत चौघं राहतात असं धरा. बाप सेकंड शिफ्ट सुटून मध्यरात्रीच्या पुढे घरी येतो. दिवा लागतो, ताट वाढलं जातं, पोरगं उठून बापाच्या मांडीला टेकून बसतं, दोन घास खातं. सकाळी शाळा असते. पुढच्या आठवड्यात बापाची नाईट असते; मग दिवसभर तो झोपलेला आणि पोरांना ‘आवाज करू नका’ म्हणून बाहेर पिटाळलेलं. शिक्षिका सांगतात की बापाच्या शिफ्टचा आठवडा कुठला, हे त्या वर्गातल्या काही मुलांच्या डोळ्यांवरूनच ओळखतात. मध्यरात्रीचे ते दोन घास बंद करा, असं पुस्तिका सांगत नाही, आणि ते मला फार आवडलं. त्या पोराला आठवडाभरात बाप तेवढाच भेटत असतो. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात दुपारची झोप घ्या, मोबाइल रात्री नवाला बंद ठेवा, आणि ज्या रविवारी ओव्हरटाइम नाही त्या रविवारी बापाने पोराला एकट्याला घेऊन कुठेतरी जावं. फार नाही, भामचंद्राच्या डोंगरापर्यंत. एवढंच तिथे लिहिलं आहे.

खाण्याचं थोडक्यात. शाळेतल्या पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम धान्य, आणि सगळ्या जेवणातून साडेचारशे कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रथिनं, असं प्रमाण आहे. ‘आमचा नाही खात शाळेतली खिचडी’ हे काही घरांत मोठेपणाने सांगितलं जातं. खाऊ द्या. जंताची गोळी आणि लोहाची गुलाबी गोळीही घेऊ द्या. फिक्कट, दमलेलं, वर्गात पेंगणारं मूल आळशी ठरवलं जातं तेव्हा पुष्कळदा त्याच्या रक्तात लोह कमी असतं.

मुली मुलग्यांच्या साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने वाढू लागतात, म्हणून पाचवीच्या वर्गफोटोत मागच्या रांगेत मुली उभ्या दिसतात. पाळीची गोष्ट मुलीला चौथी-पाचवीतच सांगून ठेवावी. आईने सांगावी, आई शिफ्टला असेल तर बाईंनी. यावर याहून जास्त बोलायची गरज नाही, सांगायची मात्र आहे.

डोक्याच्या वाढीचा भाग मी दोनदा वाचला. स्वित्झर्लंडचे झां पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलांना समोर बसवून जे साधे खेळ खेळले, त्यांतला एक घरी करून पाहण्याजोगा आहे. सारख्याच दोन पेल्यांत सारखंच पाणी घ्या. एका पेल्यातलं पाणी मुलासमोरच उंच, निमुळत्या ग्लासात ओता. आता जास्त कशात? पाच वर्षांचं पोर ठामपणे उंच ग्लास दाखवतं. सात-आठ वर्षांचं तुमच्याकडे ‘हा काय प्रश्न झाला’ अशा नजरेने पाहतं आणि म्हणतं, परत ओता की, तेवढंच भरेल. मधल्या दोन-तीन वर्षांत हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. उलटं फिरवून पाहण्याची ही ताकद आली की वजाबाकी समजते, उसनं घेणं समजतं, आणि ‘तू मला मारलंस म्हणून मी मारलं’ याच्या पुढे जाऊन ‘मी आधी ढकललं होतं’ हेही कबूल करता येतं. पण हे सगळं हातात धरता येतील अशा वस्तूंवर चालतं. दशक म्हणजे काय ते फळ्यावर सांगून उमगत नाही, दहा चिंचोक्यांची पुडी बांधून उमगतं. या वयाच्या मुलाचं बोटांवर मोजणं बंद करायला लावणाऱ्या पालकांना मी हात जोडते.

इथे आपल्या भाषेची एक गाठ आहे. २३ लिहिताना आधी २, वाचताना मात्र तेवीस, म्हणजे तीन आधी आणि वीस मागून. २९ त्याहून अवघड: एकोणतीस, तिसाला एक कमी. सात वर्षांच्या मुलाला एका शब्दात वजाबाकी करायला लावणारी आपली भाषा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’ असं वाचायची सोय दिली गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला. भाषा बुडाली, असंही म्हणून झालं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की अडखळणाऱ्या मुलासाठी ही पायरी आहे. कानडी आणि तेलुगू मुलं पहिल्यापासून वीस-तीन असंच म्हणतात, हे त्या वादात फार थोड्यांना ठाऊक होतं. महाळुंग्यातल्या एखाद्या वर्गात नांदेडच्या सीमेकडचं तेलुगू बोलणारं पोर असलं, तर ते या एका बाबतीत इतरांच्या पुढे असतं. त्याला तसं कुणी सांगत नाही, तेवढंच.

काळाची समजही अशीच हळूहळू येते. चौथीला वर्षभर शिवछत्रपतींचा इतिहास असतो. इथून जवळच चाकणला संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या वेढ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी तो सुमारे दोन महिने झुंजवला. किल्ला पाहून परतताना ‘तेव्हा आमचे आजोबा लहान होते का?’ असं पोर विचारतं. हसू नये. आठव्या-नवव्या वर्षापर्यंत आजोबांच्या आधीचा सगळा काळ एकाच ढिगात पडलेला असतो. भिंतीवर दोरी ताणून आपला जन्म, आईचा जन्म, आजोबांचा जन्म अशा गाठी मारल्या आणि वेढ्याची गाठ दोरी संपवून वऱ्हांड्यात गेली, की काही चेहरे एकदम गंभीर होतात.

मघाच्या भाषेच्या गाठीवरून आठवलं. इथल्या वर्गात घरची बोली एक नसते. मराठवाड्यातून आलेली, अहिराणी बोलणारी, घरी गोरमाटी बोलणारी, भोजपुरी, उडिया, नेपाळी. यातलं कुणीतरी मागच्या बाकावर गप्प बसलेलं असतं आणि पहिल्या चाचणीनंतर त्याच्यावर ‘ढ’चा शिक्का पडतो. मैदानावर तेच पोर सहा महिन्यांत अस्सल मराठी शिव्या देऊ लागतं, मग तर बाईंची खात्रीच पटते की याला येतं सगळं, करत नाही. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा घोळ फार पूर्वी उलगडून दाखवला: खेळाची, बाजाराची नवी भाषा मुलाला वर्ष-दोन वर्षांत येते, पुस्तकाची भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे जवळजवळ अख्खी प्राथमिक शाळा. आणि हेच पोर दवाखान्यात आईचं दुखणं डॉक्टरांना मराठीत सांगत असतं. आठ वर्षांचा दुभाष्या. त्याची गुणपत्रिकेत नोंद करायला रकाना नाही.

घरची बोली तुच्छ मानून मूल शिकत नाही, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला हेच काम केलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळा कुरणावर नेली, तिला कुरणशाळा म्हटलं. मूल जिथे आहे तिथे शाळेने जायचं. पुण्यात रजनी परांजपे यांच्या डोअरस्टेप स्कूलने तोच विचार बांधकामांवर नेला, बसमध्ये वर्ग भरवले. औद्योगिक पट्ट्यातलं कुरण कुठलं, हा प्रश्न मी या लेखिकांना विचारला तेव्हा एक जण पटकन म्हणाली, ‘चाळीचा जिना.’ संध्याकाळी सहा ते आठ सगळी पोरं तिथेच असतात.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी सहा ते अकरा या वयाला जे नाव दिलं त्याचा मराठी अनुवाद उद्योगशीलता असा करतात. मला हा योगायोग फार गमतीचा वाटतो. आपण उद्योगनगरीत राहतो आणि घरी आल्यावर पहिलं वाक्य असतं, ‘काय उद्योग करून ठेवलेत हे!’ फोडलेली रिमोटची गाडी, बेअरिंगच्या छऱ्यांचा भोवरा, खोक्यांचं घर, चिखलातला बोगदा. एरिक्सन यांचं म्हणणं असं, की या वयात मुलाला आपल्या हातून काहीतरी पुरं झाल्याचा अनुभव वारंवार यावा लागतो. नाही आला तर ‘मला जमत नाही’ हे मनात घर करतं. सात-आठ वर्षांचं झाल्यावर मूल शेजारच्या बाकाशी स्वतःची तुलना करू लागतं, तेव्हा हा धोका वाढतो. मूल आपले उद्योग मोजायला लागतं आणि ते त्याला कमी पडताना दिसतात.

आमच्याकडचे पुष्कळ बाप क्वालिटीत आहेत. व्हर्नियर घेऊन दिवसाकाठी शेकडो जॉब तपासतात. मी त्यांच्या एका बैठकीत टॉलरन्सविषयी विचारलं होतं. ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला अधिक-उणे दिलेलं असतं, त्यात बसला तर जॉब पास. मग पहिलीतल्या मुलाला वाचता येण्याचं अधिक-उणे किती, असं विचारलं तर सगळे गप्प. साडेपाचव्या वर्षी वाचणारंही असतं आणि आठव्या वर्षी एकदम झरझर वाचू लागणारंही, आणि दोघं पाचवीत सारखीच गोष्टींची पुस्तकं फस्त करू शकतात. तिसरी संपत आली आणि साधं वाक्य अजून जुळत नाही, अक्षरं सतत उलटी पडतात, फळा दिसत नाही, ऐकू कमी येतं, तर मात्र थांबायचं नाही, दाखवायचं. तेवढी खूण पुस्तिकेत ठळक छापली आहे.

एक कायद्याची गोष्ट, कारण ती विचारणारे फार भेटतात. बिऱ्हाड हललं आणि आधीच्या शाळेचा दाखला हातात नाही, एवढ्यावरून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात हे स्पष्ट आहे, आणि मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळायला हवा हेही. वर्षाच्या मध्यातसुद्धा.

आणि शाळा सरकारी म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी: आपल्याच खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जगभरातल्या शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवरचा पुरस्कार मिळाला. तिथे एकाला जमलेलं दुसऱ्याला तोच शिकवतो, मोठी मुलं धाकट्यांना घेऊन बसतात. नव्या मुलाला गावात पाय रोवायला याहून सोपी जागा मला सुचत नाही. दुसऱ्याला समजावता समजावता त्याची स्वतःची पुस्तकाची भाषा तयार होते, आणि ‘माझ्या हातून झालं’ हेही त्याच्या गाठीला राहतं.

पुस्तिकेच्या शेवटी एक घडी घातलेली कागदी पट्टी चिकटवली आहे. उलगडली की दीड मीटर भरते. सेंटिमीटरच्या खुणा डावीकडे, उजवीकडे कोरी जागा: तारीख, उंची, पडलेले दात, त्या महिन्यातला जिवलग मित्र, राहतं गाव. छापखान्याने पट्टी स्वस्त कागदावर करू असं सुचवलं होतं. लेखिकांनी हट्टाने जाड, न फाटणारा कागद घ्यायला लावला आणि त्यासाठी मुखपृष्ठाचा एक रंग कमी केला. भिंतीला खिळा मारायला घरमालक परवानगी देत नाही, म्हणून वर दोरीसाठी भोक पाडलेलं आहे. दाराच्या कडीला अडकवायची, आणि टेम्पो आला की गुंडाळून पोराच्या दप्तरात टाकायची.